अंदमानात मोटारीविना : मुक्काम नेमका कुठे करावा?

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या तिन्ही ठिकाणी स्वतःचे वाहन नसते. अशा वेळी खोलीच्या भाड्यापेक्षा खोलीचे ठिकाण महत्त्वाचे ठरते. स्वतंत्रपणे अंदमानला जाणाऱ्यांसाठी ही माहिती.

दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मराठी कुटुंबांच्या चर्चेत अंदमानचे नाव हमखास निघते. सेल्युलर जेलमधील सावरकरांच्या कोठडीचे दर्शन आणि स्वच्छ, निळ्या समुद्राचे आकर्षण, असा दुहेरी हेतू या सहलीमागे असतो. पर्यटन कंपनीच्या गटासोबत जाणाऱ्यांना वाहनाची चिंता करावी लागत नाही. अलीकडे मात्र स्वतःच विमानाची तिकिटे काढून, निवासाचे आरक्षण करून जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. नियोजन चुकते ते बहुधा यांचेच.

त्याचे कारण सवयीत आहे. कोकणात किंवा महाबळेश्वरला आपण आपली गाडी घेऊन जातो. हॉटेल गावापासून चार-पाच किलोमीटर दूर असले तरी फारसे बिघडत नाही. उलट भाडे कमी आणि शांतता अधिक, म्हणून ते पसंतच पडते. अंदमानात गाडी घरी राहिलेली असते आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यासाठी बोटीखेरीज पर्याय नसतो. बेटावर उतरल्यावर रिक्षा, भाड्याची मोटार, मोजक्या फेऱ्यांची सरकारी बस किंवा भाड्याची दुचाकी यांवरच सारी मदार असते. माथेरानला जाणारे पर्यटक ज्याप्रमाणे आधी ‘स्टेशनपासून किती लांब?’ असे विचारतात, त्याचप्रमाणे अंदमानात ‘जेटीपासून किती लांब?’ हा पहिला प्रश्न असायला हवा.

नावांचा गोंधळ आधी दूर करावा

डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे नामकरण ‘स्वराज द्वीप’, नीलचे ‘शहीद द्वीप’ आणि रॉस बेटाचे ‘नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप’ असे करण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव ‘श्रीविजयपुरम’ झाले. बोलण्यात मात्र सर्वत्र जुनीच नावे आहेत. आरक्षण करताना आणि बोटीचे तिकीट काढताना दोन्ही नावे समोर येतात. स्वराज द्वीप व हॅवलॉक ही दोन वेगळी बेटे समजून मुक्काम ठरवण्याची चूक टाळावी. वाचकांच्या सोयीसाठी या लेखात प्रचलित नावे वापरली आहेत.

हॅवलॉकवर आणखी एक पद्धत आहे. तेथील किनारे आणि वस्त्या क्रमांकाने ओळखल्या जातात. जेटी एक नंबरला, मुख्य बाजार तीन नंबरला, विजयनगर पाच नंबरला आणि राधानगर सात नंबरला. रिक्षावालेही याच भाषेत बोलतात. निवासस्थानाचा ‘नंबर’ विचारून घेतला की ते नकाशावर कुठे आहे हे निम्मे उमगते.

अंधार लवकर पडतो

मुक्कामाची जागा ठरवताना घड्याळाचा विचार सहसा कोणी करत नाही. अंदमान बेटे देशाच्या पूर्व टोकाच्या रेखांशावर आहेत, परंतु घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच आहे. परिणामी तेथे मुंबई-पुण्यापेक्षा सूर्य तास-दीड तास आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि साडेपाचला काळोख दाटतो. मे महिन्यातही पावणेसहापर्यंत सूर्य गेलेला असतो. सकाळ मात्र पाच-साडेपाचलाच उजाडते.

स्वतःची गाडी असणाऱ्याला याचे काही वाटणार नाही. वाहन नसलेल्याला मात्र सूर्यास्त पाहून परतताना अंधारात, जंगलातल्या रस्त्याने, मिळेल त्या रिक्षाने यावे लागते. म्हणूनच संध्याकाळी जिथे असायचे आहे त्या जागेपासून निवास किती दूर आहे, याचा हिशेब आधी करावा.

पोर्ट ब्लेअर : ॲबरडीन बाजाराचा परिसर सोयीचा

बहुतेकांच्या सहलीची पहिली आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये जाते. शहरात निवासस्थाने पुष्कळ आहेत. पण वाहन नसलेल्यांनी ॲबरडीन बाजार आणि त्यालगतचा भाग यांचा प्रथम विचार करावा. सेल्युलर जेल येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. रॉस बेटाकडे जाणाऱ्या बोटी जेथून सुटतात ते राजीव गांधी जलक्रीडा संकुलही जवळच आहे. बस स्थानक, औषधांची दुकाने, शाकाहारी भोजनालये आणि सरकारी बोटींची फिनिक्स बे जेटी हे सारे याच परिसरात किंवा त्याच्या आसपास येते. विमानतळही फार दूर नाही. रिक्षाने थोड्या वेळात पोहोचता येते.

सेल्युलर जेलमध्ये सायंकाळी होणारा ध्वनिप्रकाश कार्यक्रम अंधार पडल्यावर सुरू होतो. तो संपला की एकाच वेळी शेकडो प्रेक्षक बाहेर पडतात आणि रिक्षांसाठी झुंबड उडते. ॲबरडीन बाजारात उतरलेले कुटुंब चालत खोलीवर पोहोचते. कॉर्बिन्स कोव्ह या शहराबाहेरील किनाऱ्याजवळ उतरलेल्यांना मात्र परतीचे वाहन आधीच ठरवून ठेवावे लागते. समुद्रकिनारी राहण्याची हौस हॅवलॉक-नीलवर भागणारच असते; पोर्ट ब्लेअरमध्ये त्यासाठी शहरापासून दूर जाण्यात फारसा अर्थ नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. पोर्ट ब्लेअर हे चढउतारांचे शहर आहे. नकाशावर अर्धा किलोमीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात दम काढणारा चढ असू शकतो. सेल्युलर जेलही उंचवट्यावर आहे. जेलच्या मूळ सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर असल्याने तेथे जिने चढूनच जावे लागते. १९११ च्या जुलैत सावरकर येथे आणले गेले आणि १९२१ पर्यंत याच तुरुंगात होते. ही जागा घाईने उरकण्याची नाही. घरातील ज्येष्ठांना सकाळी ताजेतवाने असताना तेथे नेता यावे, यासाठीही मुक्काम जवळ असणे चांगले.

खासगी वेगवान बोटी हॅडो धक्क्यावरून सुटतात, तर सरकारी बोटी फिनिक्स बेहून. ही दोन ठिकाणे वेगळी आहेत. पहाटेची बोट असल्यास आपले तिकीट कोणत्या धक्क्याचे आहे ते आदल्या दिवशीच पाहून रिक्षा सांगून ठेवावी.

हॅवलॉक : तीन नंबरचा तिठा समजून घ्या

पोर्ट ब्लेअरहून खासगी बोटीने साधारण दीड तासात, तर सरकारी बोटीने दोन-अडीच तासांत हॅवलॉक येते. जेटीवरून निघालेला रस्ता सुमारे दोन किलोमीटरवर गोविंदनगरच्या, म्हणजे तीन नंबरच्या बाजारात पोहोचतो आणि तेथे फुटतो. एक फाटा डोंगर-जंगलातून पश्चिमेकडे राधानगरला जातो. दुसरा पूर्व किनाऱ्याने विजयनगर आणि पुढे कालापत्थरकडे जातो. संपूर्ण बेटाची वाहतूक या तिठ्याभोवती फिरते. मुक्कामाचे सर्व पर्याय याच नकाशात बसवून पाहावेत.

*गोविंदनगर (तीन नंबर) :* बाजार, भोजनालये, एटीएम, दुचाकी भाड्याने देणारी दुकाने, रिक्षा आणि बस हे सारे हाताशी. जेटी जवळ असल्याने सकाळच्या बोटीसाठी धावपळ होत नाही. एलिफंट बीचला जाणाऱ्या बोटीही जेटीवरूनच सुटतात. निवासस्थाने साधी असतात आणि बाजाराची वर्दळ जाणवते. ज्यांना दुचाकी चालवायची नाही, लहान मुले वा वृद्ध बरोबर आहेत आणि खिसाही सांभाळायचा आहे, त्यांच्यासाठी हा सर्वांत व्यवहार्य पर्याय होय.

*विजयनगर (पाच नंबर) :* जेटीपासून अंदाजे पाच किलोमीटर. बांबूच्या झोपड्यांपासून मोठ्या रिसॉर्टपर्यंत सर्व प्रकारचे निवास, स्कूबा डायव्हिंगची केंद्रे आणि खाण्याची ठिकाणे रस्त्याच्या कडेने विखुरलेली आहेत. रस्ता बहुतांशी सपाट असल्याने सायकलवरही फिरता येते. किनाऱ्यावर राहण्याचा आनंद आणि बाजाराची सोय यांचा मेळ येथे बसतो. मात्र ‘किनाऱ्यालगत खोली’ या जाहिरातीने हुरळून जाऊ नये. पूर्वेकडील किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी पाणी बरेच मागे हटते आणि खडक व प्रवाळ उघडे पडतात. अशा वेळी पोहणे शक्य नसते. येथील सूर्योदय सुरेख असतो, सूर्यास्त दिसत नाही.

*राधानगर (सात नंबर) :* जेटीपासून सुमारे अकरा-बारा किलोमीटर. ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्तम किनारा म्हणून गौरवलेला आणि २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालेला हा किनारा बेटाचे मुख्य आकर्षण आहे. वाळू मऊ आणि सूर्यास्त अप्रतिम. येथे निवासस्थाने मोजकी असून त्यांतील बरीचशी महागडी आहेत. येथे राहणाऱ्याला सूर्यास्तानंतर परतीची काळजी नसते, ही मोठी जमेची बाजू. पण बाजार, डायव्हिंग आणि बोट या प्रत्येक कामासाठी डोंगर ओलांडून जावे लागते. सहलीत केवळ विश्रांती घ्यायची असेल आणि ने-आणीची सोय रिसॉर्टकडूनच होणार असेल, तर राधानगर उत्तम. रोज फिरायचे असेल, तर वाहनावरील खर्च वाढत जातो.

*कालापत्थर :* पूर्व किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडचा निवांत भाग. येथे खोली स्वस्त मिळाली तरी बाजार दूर आणि रात्री रिक्षा दुर्मीळ. दुचाकी चालवणाऱ्या तरुणांना जमेल. वाहन नसलेल्या कुटुंबांनी टाळलेलेच बरे.

राधानगरला बस जाते, पण फेऱ्या थोड्या असतात आणि सूर्यास्तानंतर परत येण्यासाठी बस मिळेलच असे नाही. त्यामुळे तीन किंवा पाच नंबरला उतरलेल्यांनी राधानगरला जाताना रिक्षा जाण्या-येण्याची आणि मधल्या थांब्यासह ठरवावी. भाडे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. मीटरचा प्रश्न येथे नसतो. एलिफंट बीचपर्यंत गाडीरस्ता नाही. तेथे जेटीवरून बोटीने किंवा राधानगरच्या रस्त्यावरून फुटणाऱ्या जंगलवाटेने पायी जावे लागते. गाडी असली तरी तेथे उपयोग झाला नसता, हे समाधान!

भाड्याचा खरा हिशेब

स्वस्त पण दूरची खोली आणि थोडी महाग पण जवळची खोली, यांतील फरक रोजच्या रिक्षाभाड्यात सहज वाहून जातो. किनाऱ्यावर जाणे, परतणे, रात्रीच्या जेवणासाठी बाजारात जाणे आणि पुन्हा परतणे अशा दिवसाला चार फेऱ्या धरल्या, तरी दोन दिवसांत आठ फेऱ्या होतात. शिवाय रिक्षात ऐसपैस बसायचे तर तिघेच. आई-वडील आणि दोन मोठी मुले अशा कुटुंबाला दोन रिक्षा किंवा मोटार करावी लागते. आरक्षण करताना खोलीचे भाडे आणि या फेऱ्यांचा अंदाजे खर्च यांची बेरीज करूनच तुलना करावी. रिक्षाचे चालू दर निवासाच्या व्यवस्थापकाला दूरध्वनीवर विचारले की कळतात.

दुचाकी भाड्याने घेण्याचा मार्ग तरुणांना मोकळा आहे. त्यासाठी वाहन चालवण्याचा परवाना जवळ हवा आणि हेल्मेट घालावे. राधानगरचा रस्ता वळणावळणाचा आणि पावसात निसरडा होणारा आहे. शहरात कधीतरीच स्कूटर चालवणाऱ्यांनी अंधारात या रस्त्याने येण्याचे धाडस करू नये. बेटावर प्राथमिक उपचारांची सोय असली तरी गंभीर दुखापतीसाठी रुग्णाला समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअरच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात न्यावे लागते.

नील : मोटारीविना फिरण्यासाठी सर्वांत सुलभ

ज्यांना वाहनांची कटकटच नको, त्यांना नील बेट अधिक भावेल. हॅवलॉकहून खासगी बोटीने तासाभराच्या आत येथे येता येते. बेट लहान आणि बरेचसे सपाट आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची येथे वस्ती झाली. ते भाजीपाला पिकवतात आणि अंदमानच्या इतर भागांना पुरवतात. किनाऱ्यांची नावे रामायणातली, भरतपूर, लक्ष्मणपूर आणि सीतापूर. त्यामुळे मराठी मंडळींना ती चटकन तोंडपाठ होतात.

भरतपूर किनारा जेटीला लागूनच आहे. लक्ष्मणपूरचा सूर्यास्ताचा किनारा अंदाजे दोन किलोमीटरवर, तर सूर्योदयासाठी प्रसिद्ध असलेले सीतापूर दुसऱ्या टोकाला पाचेक किलोमीटरवर आहे. नील केंद्र हा छोटा बाजार मध्यावर येतो. बाजार किंवा भरतपूरजवळ मुक्काम केल्यास दोन किनारे पायी, उरलेले सायकलने किंवा एका रिक्षाफेरीत पाहून होतात. सीतापूरला राहिल्यास एकांत मिळतो, पण जेवणासाठी निवासस्थानावरच अवलंबून राहावे लागते.

येथील नैसर्गिक खडक-कमान पाहायची तर ओहोटीची वेळ साधावी लागते. भरतीत तेथवर पोहोचता येत नाही. निवासस्थानी पोहोचताच त्या दिवसाच्या ओहोटीची वेळ विचारावी आणि त्यानुसार रिक्षा ठरवावी.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच

संपूर्ण नियोजनातील हा सर्वांत महत्त्वाचा नियम. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने निघून दुपारचे विमान पकडण्याचा मोह अनेकांना होतो. हवामान बिघडले की बोटी रद्द होतात आणि बेटावरून बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळी हवामानामुळे हॅवलॉक व नील येथे चौदाशेच्या आसपास पर्यटक अडकून पडले. अखेर नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना पोर्ट ब्लेअरला आणले. हे दिवस ऐन पर्यटन हंगामातील होते, हे विसरता कामा नये. नैर्ऋत्य मोसमी पावसाखेरीज ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातही येथे पाऊस आणि वादळे संभवतात.

म्हणून परतीच्या विमानापूर्वीची किमान एक रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये काढावी. सेल्युलर जेल किंवा बाजारहाट त्या दिवसासाठी राखून ठेवल्यास तो वायाही जात नाही. बोट रद्द झाल्यास निवासस्थान आरक्षणाची रक्कम परत करते का, की पुढील तारखेस वळती करते, हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी घ्यावे.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. निवासस्थान कोणत्या वस्तीत, कितव्या नंबरला आहे? जेटीपासून आणि मुख्य रस्त्यापासून किती अंतरावर आहे? काही निवासस्थाने रस्त्यापासून आत असतात आणि सामान घेऊन वाळूतून किंवा चिखलातून चालावे लागते.

२. जेटीवरून ने-आण भाड्यात समाविष्ट आहे का? बोट उशिरा आल्यास वाहन थांबते का?

३. रात्रीचे जेवण तेथेच मिळते का? शाकाहारी किंवा जैन जेवणाची सोय आहे का? बेटांवरील घरगुती खानावळींत मासे-भातावर भर असतो; आधी सांगितल्यास वरण-भाजी मिळते.

४. समोरच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी दोन्ही वेळी पाण्यात उतरता येते का? जीवरक्षक आणि सूचनाफलक आहेत का? मगरींविषयीचे फलक काही ठिकाणी लावलेले असतात. ते गांभीर्याने घ्यावेत.

५. तळमजल्यावर खोली मिळेल का? वीज गेल्यास जनरेटर आहे का?

६. पहाटे वाहन मिळवून देण्याची जबाबदारी निवासस्थान घेते का? बाराटांगच्या चुनखडी गुहांकडे जाणाऱ्यांना पोर्ट ब्लेअरहून रात्री तीन-साडेतीनलाच निघावे लागते, कारण जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून वाहने ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडली जातात. त्या वाटेवर थांबण्यास आणि छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे.

थोडक्यात

सहा रात्रींची सहल असेल तर पोर्ट ब्लेअरला दोन, हॅवलॉकला दोन, नीलला एक आणि पुन्हा पोर्ट ब्लेअरला एक, अशी विभागणी वाहन नसलेल्यांना सोयीची पडते. पोर्ट ब्लेअरमध्ये ॲबरडीन बाजार, हॅवलॉकवर गोविंदनगर किंवा विजयनगर आणि नीलवर बाजार किंवा भरतपूर, ही ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवून शोध सुरू करावा. बोटींची तिकिटे आधी, निवास त्यानंतर, असा क्रम ठेवावा. कारण हंगामात बोटी लवकर भरतात आणि बोटीच्या वेळेनुसारच मुक्काम ठरतो. प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ बाळगावे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेटची स्थिती सुधारली आहे, तरीही बेटांवर पुरेशी रोकड सोबत असावी. सामान एकेका व्यक्तीला स्वतः उचलता येईल इतकेच घ्यावे. बोटीत चढता-उतरताना आणि रिक्षात बसताना त्याचे महत्त्व पटते.